आबांच्या गाण्यांची नावं

माझे वडील ज्यांचा बंगला राखायचे, त्या बाई वारल्या त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा मुलगा परदेशातून आला. बंगला विकायचं नक्की झालं होतं. सामान कुणाकुणाला देऊन टाकायचं काम त्यानं दोन दिवसांत उरकलं आणि शेवटी माझ्या वडिलांना विचारलं, "आबा, तुम्ही सांगा. तुम्हाला काय देऊ?"

माझ्या नवऱ्यानं आदल्या दिवशी फोन करून आबांना बजावलं होतं, इन्व्हर्टर मागा, मळवलीत वीज सारखी जाते. मला वाटलं होतं ते फ्रीज मागतील. आबा चपला बाहेर काढून हॉलच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंच्या गान्याच्या सीड्या द्या."

"त्या?" मुलाला आधी कळेचना. "आबा, आता सीड्या कोण लावतं? आणि प्लेअर, स्पीकर तर कालच काकांकडे गेले."

"असू द्या. तेवढ्या द्या."

दोन खोकी भरली. मोजल्यावर एकशे चाळीसच्या वर सीड्या निघाल्या. त्यानं रिक्षा बोलावतो म्हटलं, तर आबा नको म्हणाले. हादऱ्यानं डब्या फुटतील, अशी त्यांना भीती. एकेक खोकं डोक्यावर घेऊन ते दोन खेपांत आमच्या गावातल्या घरी गेले.

त्या बंगल्याची राखण आबांनी एकतीस वर्षं केली. मळवली स्टेशनापासून चालत पंधरा मिनिटांवर तो होता. मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या, त्या आमच्या. मी तिथंच लहानाची मोठी झाले. बाई मुंबईत कॉलेजात शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला. शुक्रवारी संध्याकाळी यायच्या आणि सोमवारी सकाळी जायच्या. त्या येणार असल्या, की आई खोल्या उघडून झाडून घ्यायची, आबा टाकी भरून ठेवायचे आणि मी फाटकावर बसून वाट बघायची. बाईंच्या हातात दोन पिशव्या असायच्या. एकीत पुस्तकं, दुसरीत गाणी. पुस्तकांच्या पिशवीतून माझ्यासाठी हमखास काहीतरी निघायचं. पुढं मी ग्रंथालयात नोकरीला लागले त्याचं मूळ त्या पिशवीत आहे.

गाण्याची पिशवी मात्र आबांची होती, जरी त्यांना ती कुणी दिलेली नव्हती. बाई सकाळी चहा झाला की हॉलमध्ये गाणं लावायच्या. आधी कॅसेटी, मग सीड्या. आणि आबांचं बागेतलं काम नेमकं त्याच वेळी हॉलच्या खिडकीखाली निघायचं. तिथली मेंदी कातरायची असायची, तिथलं तण उपटायचं असायचं. अख्ख्या कुंपणात त्या खिडकीखालची मेंदी सगळ्यांत नीट कातरलेली असायची.

बाईंनी त्यांना एकदा आत येऊन बसायला सांगितलं होतं. आबा म्हणाले, "हितंच बरं हाय. वारं लागतंय." बाईंनी पुन्हा आग्रह केला नाही. पण गाणं लावायच्या आधी त्या उठून ती एक खिडकी उघडायच्या. थंडीच्या दिवसांत शाल गुंडाळून बसायच्या, पण खिडकी उघडी. हे मी लहानपणापासून बघत होते. त्याचा अर्थ लागायला मला स्वतःचा संसार करावा लागला.

आई आबांना चिडवायची. "त्या गान्यातला एक शबुद तरी कळतोय का तुमाला?"

"न्हाई," आबा म्हणायचे. "पर तो मानूस लय कष्ट करतोय."

माझं लग्न झालं आणि मी लोकलनं काही स्टेशनं पलीकडे, तळेगावजवळच्या घोरावाडीला राहायला गेले. तळेगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. आई सात वर्षांपूर्वी गेली. बंगल्याच्या मागं भांडी घासताना पडली, आठ दिवस तळेगावात दवाखान्यात होती, शुद्धीवर आलीच नाही. त्यानंतर आबा बंगल्यामागं एकटेच राहिले. बंगला विकल्यावर ते गावातल्या घरी आले. दोन खोल्या, पुढं ओटा, ओट्यापासून लगेच भाताचं खाचर. जेवण शेजारच्या चुलतभावाकडून यायचं. आणि कोपऱ्यात ती दोन खोकी, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली.

माझ्या मुलीनं लॅपटॉप घेतल्यावर तिचा जुना कॉम्प्युटर आमच्याकडे पडून होता. त्याला सीडी घालायचा कप्पा होता. एका रविवारी आम्ही तो लोकलनं मळवलीला नेला. कॉम्प्युटरचा डबा नवऱ्याच्या मांडीवर, स्क्रीन चादरीत गुंडाळून माझ्या मांडीवर. दोन लहान स्पीकर वाटेत विकत घेतले. आबांनी खिडकीजवळचा लाकडी बाक पुसून ठेवला होता. मी मांडामांड करताना त्यांनी मधेच जाऊन खिडकी उघडली.

आमच्या भागातल्या पावसात चपलेपासून पुस्तकापर्यंत सगळ्याला बुरशी येते. सीड्यांनाही आली होती. आबांनी आईचं एक जुनं सुती पातळ काढलं. त्याच्या तुकड्यानं ते एकेक सीडी पुसायचे, मधून कडेकडे, जसं बाईंना पुसताना पाहिलं होतं तसं. मी ती कप्प्यात घालायची आणि त्यातलं गाणं कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायची. काही सीड्यांवर कप्पा कण्हल्यासारखा आवाज करायचा. मग ती काढून पुन्हा पुसायची. अख्खा हिवाळा माझे रविवार यात गेले. सकाळच्या लोकलनं जायचं, दुपारी बराच वेळ गाड्या नसतात म्हणून आपसूक थांबायचं, संध्याकाळी परत. माझ्या लग्नानंतर आबांसोबत इतका वेळ मी कधी काढला नव्हता.

गाणी आत गेली, पण ती वाजवायची कशात हा प्रश्न होता. मला वाटलं होतं, त्यात काय, कॉम्प्युटरमध्ये असतोच की एक प्लेअर. त्यात सगळं भरलं. त्यानं आपल्या मनानं वर्गवारी करून मोठ्या अक्षरांत दाखवलं: अनोळखी कलाकार, अनोळखी अल्बम. मी ग्रंथालयातली बाई. असली नोंद मला चालणारी नव्हती.

तरी एक सीडी लावून दिली. सकाळचा राग होता. गवई आधी संथपणे आलाप घेतो आणि मग तबला सुरू होतो, तिथं सीडीवर त्याचे दोन तुकडे पाडलेले असतात. गाणारा मात्र थांबलेला नसतो, तो गातच असतो. आबा भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत होते. पहिला तुकडा संपून दुसरा सुरू झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

"हितं ठेच लागली."

"कुठं आबा?"

"परत लाव."

दोनदा ऐकूनही मला कळलं नाही. तिसऱ्यांदा लक्षात आलं. दोन तुकड्यांच्या मधे डोळ्याची पापणी लवावी इतका वेळ आवाज नाहीसा होत होता.

"बाईंकडं न्हवती लागत," आबा म्हणाले.

तिथून माझी शोधाशोध सुरू झाली. जेवणाच्या सुट्टीत मी ग्रंथालयातल्या कॉम्प्युटरवर वाचत बसायची. कुठला प्लेअर चांगला यावर जगभरची माणसं इतक्या तावातावानं भांडतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मधल्या त्या ठेचेबद्दलही लोकांनी पानंच्या पानं लिहिली होती. मला बरं वाटलं. आबांचं दुखणं ओळखीचं निघालं.

ग्रंथालयातल्या एका सहकाऱ्यानं त्याच्या आवडीचा प्लेअर पेनड्राइव्हवर दिला. त्यात ठेच लागत नव्हती. पण गाणं सुरू झालं, की स्क्रीनवर हिरवे-जांभळे दिवे नाचायला लागायचे.

"ह्ये का नाचतंय?" आबांनी विचारलं.

"शोभेला. बंद करता येतं."

"मंग कर."

बंद केले. पण त्यात मी मराठीत नाव लिहिलं, की अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन यायचे, ओळीनं मांडलेल्या रिकाम्या डब्यांसारखे. आबा चौथी शिकलेले. मराठी सावकाश वाचतात, इंग्रजी नाही. म्हणजे तोही बाद.

माझ्या मुलीचं म्हणणं, हे सगळं कशाला करतेस, इंटरनेटवर जगातलं सगळं गाणं आहे. तिनं फोनवरून जोडून दिलं. बाईंचा सगळ्यात आवडता गवई, तोच राग, लगेच सापडला. आबा पाचेक मिनिटं ऐकत राहिले. मग मान हलवली. "मानूस त्योच हाय. पर ह्यो दिवस न्हवं."

खरंच होतं. त्याच माणसानं तोच राग दुसऱ्या कुठल्या मैफलीत गायलेला होता. तेवढ्यात ते गाणं संपलं आणि फोननं आपणहून दुसरंच काहीतरी लावलं, वरातीतलं, दणदणीत.

"म्या सांगितलं हुतं व्हय ह्येला?" आबा म्हणाले.

शेवटी जो सापडला तो सगळ्यांत कळकट दिसणारा होता. करड्या रंगाची चौकट, डावीकडं कप्प्यांची यादी, उजवीकडं गाण्यांची, संपलं. त्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, की दिसायला सरकारी अर्जासारखा आहे, पण काम चोख करतो. फुकट होता. गाण्यात ठेच लागत नव्हती, मराठी अक्षरं नीट दिसत होती आणि हवी तेवढी मोठी करता येत होती. काल जिथं बंद केलं तिथूनच तो आज सुरू करायचा आणि स्वतःच्या मनानं काही लावायचा नाही. मी तीन बटणांवर तीन टिकल्या चिकटवल्या. लाल टिकली दाबली, की गाणं सुरू किंवा बंद. दोन हिरव्या, मागचं आणि पुढचं.

आता नावं लिहायची होती. मी सीडीच्या डबीवरून वाचून मराठीत लिहायला बसले: गायक, राग, ताल. आबा शेजारी बसून बघत होते. दहा-बारा नावं झाल्यावर म्हणाले, "ह्ये बाईंना ठावं असायचं. मला कसं कळंल, कुटलं कुटलं हाय?"

"मग तुम्ही सांगा. तुम्हाला ओळखू येईल असं नाव सांगा."

मी गाणं लावायची. आबा थोडं ऐकायचे. कधी अर्ध्या मिनिटात सांगायचे, कधी दहा मिनिटं लागायची. मी त्यांच्याच शब्दांत लिहीत गेले.

*मेंदीचं.*

*टाकी फुटली तवाचं.*

*बाईंच्या डोळ्याला पट्टी.*

*लय रडका मानूस.*

*चुलत्याची म्हस याली.*

एक सतारीची सीडी लावली आणि ते हसले. "ह्ये तुझ्या निकालाचं."

मी दहावी पास झाले तो दिवस मला आठवत होता. बाई तेव्हा मुद्दाम मधल्या वारी आल्या होत्या. भर दुपारी त्यांनी मोठ्यानं गाणं लावलं होतं, आणि ते त्यांच्या आनंदानं लावलंय असं मी धरून चालले होते.

"तवा बाई खिडकीत आल्या," आबा सांगायला लागले. "म्हनल्या, आबा, आज तुमच्या आवडीचं लावते, बोला कंचं लावू? आता मी काय सांगनार? नाव थोडंच ठावं हाय? मंग म्या ते तोंडानंच वाजवून दावलं. असं, मेंदीत हुबा ऱ्हाऊन. बाईंनी दोन कॅशेटी लावल्या, ती न्हवं म्हनलं. तिसरी लावली, ती निघाली. तीच पुढं बाईंनी सीडीत आनली."

"मला कधी सांगितलं नाहीत."

"त्यात काय सांगायचं?"

मी लिहिलं: *निकालाचं.* आबांनी बोट ठेवून ते अक्षर अक्षर वाचलं.

एका सीडीला मात्र त्यांनी नाव दिलं नाही. दुपारचा राग होता, एका गायिकेचा आवाज, भरदार. दोन मिनिटं झाली आणि आबा उठून ओट्यावर गेले. तिथूनच म्हणाले, "त्येला नको काय. रिकामं ऱ्हाऊ दे." मी रिकामं ठेवलं.

मार्च संपेपर्यंत सगळी नावं झाली. आबांना आता माझी गरज लागत नव्हती. सकाळी चहा घेऊन ते बाकावर बसायचे, यादीवरून नजर फिरवायचे आणि लाल टिकली दाबायचे. शेजारचे लोक गंमतीनं म्हणायचे, आबांनी बंगला घरी आणला.

यापुढं जे झालं ते माझ्या हातून झालं.

मला ती यादी आवडत होती, पण माझ्यातल्या ग्रंथालयवालीला ती टोचतही होती. कुणाचं गाणं, कुठला राग, कुठल्या साली ध्वनिमुद्रित केलेलं, काहीच नाही. उद्या कुणाला काही शोधायचं असेल तर? त्या प्लेअरला एक जोडणी मिळते हे मी वाचलं होतं. ती इंटरनेटवरच्या यादीशी ताडून गाण्यांची माहिती आपोआप भरते. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी आबा जेवून आडवे झाले होते. मी फोन जोडला, सगळी गाणी निवडली आणि 'माहिती दुरुस्त करा' यावर क्लिक केलं. मला वाटलं, रिकामे रकाने भरतील. दहा-पंधरा मिनिटांत काम झालं. ओळीनं गायकांची नावं, राग, सालं, मुखपृष्ठांची चित्रं. सगळं स्वच्छ इंग्रजीत. पहिले काही क्षण मी खरंच खूश झाले.

मग लक्षात आलं, की आबांची नावं त्याच रकान्यात होती. ती पुसून त्यावर ही लिहिली गेली होती. मी मागं जायचं बटण दाबून पाहिलं. काही झालं नाही. पेनड्राइव्हवर प्रत होती, पण ती नावं लिहायच्या आधीची. ग्रंथालयात एक फाटकं मासिक आलं तरी आम्ही आधी वहीत नोंद करतो. आबांची नावं मी कुठंही लिहून ठेवलेली नव्हती.

आबा उठले, तोंड धुऊन बाकावर येऊन बसले. स्क्रीनवर बोट ठेवून यादीच्या एकेका ओळीवरून खाली गेले.

"ह्ये कुनाचं हाय?"

"तुमचंच आहे आबा. गाणी तीच आहेत." मग मी एक भलतंच वाक्य बोलले, जे मला आजही परत घ्यावंसं वाटतं. "आता बरोबर नावं आलीत."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता. खरंच विचारत होते. "आदीची चुकीची हुती व्हय?"

संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. तीन-चार दिवसांनी शेजारच्या चुलतकाकूंचा फोन आला. आबांचं गाणं बंद आहे, कॉम्प्युटर बिघडला का, विचारत होत्या. पुढच्या रविवारी मी गेले तर स्क्रीनवर टॉवेल घातलेला होता. आबा माझ्याशी नीट बोलले, आंबे खायला दिले, भाताचं बियाणं कुठून आणायचं ते सांगत बसले. कॉम्प्युटरचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही टॉवेल तसाच होता.

तिसऱ्या रविवारी मी दोनशे पानी वही घेऊन गेले. टॉवेल काढून घडी करून ठेवला.

"आबा, माझ्याकडून तुमची नावं पुसली गेली. चूक माझी आहे. परत सांगाल का? या वेळी मी आधी वहीत लिहीन."

आबा नखानं बाकाची कड खरवडत बसले होते. "तीच कशी येतील गं? तवा आली तशी आली."

"येतील ती सांगा."

आणि तसंच झालं. दुसऱ्यांदा ती नावं आली नाहीत. *मेंदीचं* होतं त्याचं *बाई खोकत हुत्या* झालं. *लय रडका मानूस* होता, त्याच्याबद्दल म्हणाले, "गरीब हाय बिचारा," आणि तेच नाव लिहायला लावलं. माझ्या निकालाचं तेवढं तेच राहिलं. पहिल्यांदा ते चटचट सांगायचे, आता नावामागचं सगळं सांगायला लागले. बाईंनी कधी कुणावर आवाज चढवला, आईनं कुठल्या दिवशी पुरणपोळ्या आत नेऊन दिल्या आणि बाई व आई स्वयंपाकघरातच कशा खाली बसून जेवल्या. मी वहीत नाव लिहायची आणि खाली त्यांचं बोलणं.

मग ती दुपारच्या रागाची सीडी आली. मी वाजवायच्या आधीच थांबले. "ही रिकामी ठेवायची आहे ना?"

"लाव," आबा म्हणाले.

ते या वेळी उठले नाहीत. बरंच ऐकल्यावर, गाणं चालू असतानाच बोलायला लागले. माझ्याकडं न बघता, खाचराकडं बघून.

"तुझी आय पडली त्या दिशी ह्ये लागलं हुतं. मी हिकडं खिडकीखाली, पाइप धरून. ती मागं दगडापाशी भांडी घेऊन गेलती. लय भारी गात हुती ती गानारी. मी पाइप तसाच सोडला आन ऐकत ऱ्हायलो. गानं सरलं तवा मागं गेलो. तर ती पडलेली. नळ चालू. तिनं हाक मारली असंल गं. मारली असंलच. मला न्हाई ऐकू आली."

सात वर्षं मी धरून चालले होते, की आई पडली तेव्हा आबा बाहेर कुठं गेले होते. दवाखान्यात त्या आठ दिवसांत त्यांनी एक शब्द काढला नव्हता, आणि मी त्यांना तुसडं म्हटलं होतं, मनात आणि एकदा तोंडावरही.

"आबा, डॉक्टर म्हणाले होते, झटका मोठा होता. ती एकदम कोसळली असणार. हाक मारायलाही वेळ मिळाला नसेल."

"आसंल," आबा म्हणाले. "तसं बी आसंल."

"मग ही सीडी का आणलीत? बाजूला काढायची होती."

"बाईंची हुती. एक काढून बाकीच्या आनायच्या व्हय? आन गानाऱ्या बाईनं काय केलं?"

गाणं संपेपर्यंत आम्ही दोघं बसलो. चुलतकाकू भाजीचं पातेलं ठेवून गेल्या. मग आबांनी वहीकडं बोट दाखवलं.

"लिही. *हाक.*"

मी लिहिलं. त्यांनी सांगितलं तेवढंच, त्याखाली काही नाही. घरी येताना लोकलमध्ये मी रडले. त्या डब्यात फारसं कुणी नव्हतं, म्हणून बरं. आबांना तुसडं म्हटल्याची माफी मी पुढच्या रविवारी मागितली. ते म्हणाले, "कवा म्हनलीस? माझ्या ध्यानात न्हाई." खोटं बोलत होते. आबांच्या ध्यानात सगळं असतं.

पावसाळ्याच्या तोंडाशी दुसरी यादी पुरी झाली. त्या करड्या प्लेअरमध्ये रकाने हवे तेवढे वाढवता येतात. पहिल्या रकान्यात आबांचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. गायक, राग, साल ही माझी माहिती शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरांत आहे, आणि ती आपोआप दुरुस्त करणारी जोडणी मी काढून टाकली. वही माझ्या कपाटात आहे आणि तिची झेरॉक्स आबांकडं. टॉवेल आता पावसाच्या दमटपणासाठी घातला जातो, गाणं लावताना निघतो. कधीमधी *हाक*सुद्धा लागते. चुलतकाकूंनी सांगितलं म्हणून मला कळलं.

मध्यंतरी आबा डोळे तपासायला कामशेतला गेले होते. नंबर यायची वाट बघत असताना शेजारच्या बाईच्या फोनवर बासरी वाजली. तिनं लगेच फोन उचलला, त्यामुळं ऐकायला मिळालं ते एवढंसं. आबांनी संध्याकाळी मला फोन केला. "एक बासरी हाय. बाईंच्यात न्हाई ती. मला पायजे." आणि त्यांनी ती फोनवर तोंडानं वाजवून दाखवली, दोनदा.

सत्तरी उलटलेल्या माझ्या वडिलांनी स्वतःहून मागितलेलं हे पहिलं गाणं. मी आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत शोधत होते. सहकाऱ्यांनाही गुणगुणून दाखवलं, ते हसले. शनिवारी एक सापडलं, तेच असावं असं वाटलं. रविवारी जाऊन लावलं. आबांनी नीट ऐकून घेतलं.

"ह्ये न्हाई."

"काढून टाकू?"

"काढू नगं. ह्ये बी बरं हाय."

मी वही उघडली. "मग नाव काय लिहू?"

"आत्ताच तर आलंय," आबा म्हणाले. "जरा ऐकू तर दे."